पट्ट्याची आतली बाजू

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं असं विचाराल तर मला सांगता येणार नाही, आणि सांगता आलं तरी त्या राजाचं या गोष्टीत काही काम नाही. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण मान खाली घालायची वेळ त्यांच्यावरच येणार आहे.

एका माळरानावर मेंढपाळांची वस्ती होती. कळप ज्याचा त्याचा वेगळा, पण चरायला सगळे एकत्र जात, आणि प्रत्येक कळपामागे एक राखणीचा कुत्रा असे. त्या सगळ्या कुत्र्यांत एक कुत्रा दांडगा होता. छाती भरदार, मान जाड, आणि उभा राहिला की पाठ माणसाच्या कमरेला लागायची. त्याचं नाव गव्या. गव्या भुंकला की बाकीचे कुत्रे असतील तिथून धावत येत, आणि मेंढपाळ काठ्या घेऊन उठत. त्याच्या जिवावर वस्ती निर्धास्त होती.

गव्याचा मालक तसा वाईट माणूस नव्हता. पिल्लू असताना त्यानं गव्याला खांद्यावर घेऊन माळ दाखवला होता. पण एक दिवस गव्यानं त्याच्या डोळ्यांदेखत एका लांडग्याला मानेला धरून आपटलं. लांडगा पुन्हा उठला नाही. मालकानं गव्याच्या तोंडाला लागलेलं रक्त पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्याचा हात गव्याच्या डोक्याकडे जाईना. त्याला भीती वाटू लागली. स्वतःच्याच कुत्र्याची! हे सांगायचं कोणाला? बायकोलासुद्धा त्यानं सांगितलं नाही. तो भाकरी लांबूनच टाकायचा आणि म्हणायचा, "लाड कराय मला येळ न्हाई."

आता त्या वस्तीत एक रीत होती. लांडगा नेहमी मानेवरच झेप घेतो, म्हणून कुत्रा भरात आला की त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायचा. मालकानं तो सगळ्यांसमोर बांधायचा. मग आपली बोटं पट्ट्याखाली घालून गळ्याभोवती पूर्ण फिरवून दाखवायची. बोटं कुठे अडली नाहीत, कुठे टोचलं नाही, की म्हातारी माणसं त्या पट्ट्याला भंडारा लावत. याला ते 'हात फिरवणं' म्हणत. रीत साधी होती, पण तिच्यात शहाणपण होतं.

गव्याच्या पट्ट्यासाठी मालक बाजाराला गेला. सोबत वस्तीतले चार जण निघाले. एवढ्या कुत्र्याचा पट्टा कसा असतो ते त्यांनाही बघायचं होतं.

पट्टे करणाऱ्यानं दोन पट्टे पुढे ठेवले. एक रुंद होता, तेल पाजून मऊ केलेल्या कातड्याचा, आतून लोकरीचं जाड अस्तर लावलेला. त्याचे खिळे आखूड होते. दुसरा अरुंद होता, कडक होता, आणि त्याचे पितळी खिळे बोटभर लांब होते. उन्हात ते असे झळकले की चौघांच्या तोंडून एकदम "वा!" निघालं.

"ह्यो दुसरा अजून पुरा झाला न्हाई," पट्टेवाला म्हणाला. "खिळ्यांची टोकं आतनं नुसती वळवल्यात. अस्तर लावून देतो. थांबा थोडं."

"अस्तर लावलं की पट्टा फुगंल," मालक म्हणाला. "मग रुबाब काय ऱ्हायला? हाय तसाच द्या."

"बरं, मानंचं माप काय?"

मालकाला घाम फुटला. माप घ्यायचं म्हणजे मानेला दोरी लावायची, आणि दोरी लावायची म्हणजे हात लावायचा. "माझ्या मांडीएवढी मान हाय," तो ऐटीत म्हणाला. बरोबरचे चौघे हसले, खूश झाले. असलं माप कोणी कधी दिलं नव्हतं.

पट्टा बांधायच्या दिवशी सगळी वस्ती जमली. गव्या परातीत तोंड घालून खात होता. मालकानं मागून पट्टा टाकला, पट्ट्याचं लोंबतं टोक ओढलं, भोकात अडकवलं आणि चटकन मागे सरला. कोणी काही म्हणायच्या आत तोच बोलला, "हात फिरवायचा तुमच्या कुत्र्यांना. माझा कुत्रा असला तसला न्हाई. मालकालाबी मानंला हात लावू देत न्हाई त्यो!"

लोक थक्क झाले. काय कुत्रा म्हणावा! मालकालासुद्धा हात लावू देत नाही! एका म्हाताऱ्यानं भंडारा मुठीत धरला होता, तो त्यानं लांबूनच उधळला. अशी त्या माणसाची भीती झाकली गेली, आणि वर तिचं कौतुक झालं. आपल्याकडेही असं होतं, नाही का? आत धडधडत असतं आणि बाहेर टाळ्या पडतात.

पट्टा दिसायला झकास होता. पण तो घट्ट होता, आणि आतून खिळ्यांची वळवलेली टोकं रोज थोडी थोडी मानेत रुतत होती. गव्या मान झटकू लागला. बाभळीच्या खोडाला मान घासू लागला. मालक जवळून गेला की घशातून आवाज काढू लागला.

"मस्ती चढलीया त्येला," मालक म्हणाला. पट्टा घासून निघेल म्हणून गव्या खात असताना त्यानं मागून पट्ट्याचं टोक ओढलं आणि पट्टा आणखी एक भोक आवळला.

बायको म्हणाली, "अवं, मस्तीची रीत अशी नसती. त्येच्या पट्ट्याखाली हात घालून तरी बघा."

"तू त्येच्या जवळ जाऊ नगंस. फाडून टाकील!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं. पण नवऱ्याचा शब्द मोडून ती पुढे झाली नाही, आणि याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

कळपात एक म्हातारी मेंढी होती. तिनं गव्याला विचारलं, "दुखतंय तर धन्याला सांगत का न्हाईस?"

"रोज सांगतो," गव्या म्हणाला. "मी दुखतंय म्हणतो आणि त्येला गुरगुरणं ऐकू येतं."

"मग चाव की एकदा."

"त्येनं मला खांद्यावर घेतलं हुतं," गव्या म्हणाला.

एका दुपारी कळप ओढ्याच्या अंगाला चरत होते. मेंढपाळ सावलीला टेकले होते. गव्या आहे म्हटल्यावर सगळे निवांतच. तेवढ्यात ओढ्यातून लांडगे वर चढले. गव्यानं त्यांना सगळ्यांच्या आधी पाहिलं. त्यानं छाती फुगवली, तोंड उघडलं आणि भुंकायचा प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर आली. त्यानं पुन्हा जोर लावला, तशी पट्ट्याची टोकं मानेत शिरली. बाकीच्या कुत्र्यांना हाक गेलीच नाही. मेंढपाळही उठले नाहीत.

मग गव्या एकटाच धावला. पण ज्याला मान वळवता येत नाही तो लढणार कसा? एकाला अडवलं तर दुसरा बाजूनं निसटला. मेंढ्यांचा आरडाओरडा ऐकून माणसं धावत आली तोवर लांडगे पळाले होते. चांगल्या धडधाकट मेंढ्या मरून पडल्या होत्या, शेजाऱ्यांची कोकरं गेली होती, आणि गव्याला प्रश्न विचारणारी ती म्हातारी मेंढीही गेली होती.

"भुंकला कसा न्हाई ह्यो?" एक शेजारी ओरडला. त्याची कोकरं गेली होती. "एवढा मोठा कुत्रा, आन् भुंकला न्हाई?"

सगळे मालकाकडे बघू लागले. मालकाला लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पण ती लाज कुत्र्याची होती, स्वतःची नव्हती. त्यानं काठी उचलली आणि चार लोकांसमोर गव्याच्या पाठीत घातली. "भित्र्या! चालता हो! पुन्हा तोंड दावू नगंस!"

काठी लांब होती, म्हणून भीती वाटली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

गव्या वस्तीबाहेर गेला. पण लांब गेला नाही. समोरच्या टेकाडावर जाऊन बसला, कळपाकडे तोंड करून. ज्या वस्तीनं हाकललं तिचीच राखण करत तो रात्रभर तिथे बसला होता.

दुसऱ्या सकाळी मालकाची बायको भाकरी घेऊन टेकाडावर गेली. आता तिनं कोणाला विचारलं नाही. गव्यानं भाकरी हुंगली पण खाल्ली नाही. गिळताच येत नव्हतं. त्यानं आपलं जड डोकं तिच्या मांडीवर ठेवलं, आणि तिला वास आला. कुजलेल्या जखमेचा वास मेंढपाळाच्या बायकोला सांगावा लागत नाही. तिनं पट्ट्याभोवतालचे केस बाजूला केले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवं!" तिनं वस्तीकडे बघून हाक मारली. "कात्री घेऊन या!"

मालक लोकर कातरायची कात्री घेऊन वर आला. मागोमाग शेजारीपाजारी आले. तिनं केस बाजूला करून दाखवले. पट्टा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते हेच कळत नव्हतं.

"तूच काप," तो हळूच म्हणाला. "माझ्या हातानं..."

"तुम्ही बांधलाय," ती म्हणाली. "तुम्हीच काढायचा."

तो गुडघ्यावर बसला. मानेजवळ नेलेला हात त्यानं दोनदा मागे घेतला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. बोटं मानेला लागताच गव्याच्या घशातून तोच आवाज आला. इतके दिवस मालक त्या आवाजाला मस्ती म्हणत आला होता. आज जवळून ऐकताना त्याला कळलं की हे कण्हणं आहे.

"दुखतंय व्हय रं?" तो म्हणाला. हे विचारायला त्याला फार उशीर झाला होता.

कात्रीचं पातं पट्ट्याखाली घालताना कळ उठली असणार. गव्यानं वळून त्याचं मनगट दातांत धरलं. लांडग्याची मान मोडणारे दात ते! मालकानं डोळे मिटले, पण हात मागे घेतला नाही. गव्यानं मनगट तसंच धरून ठेवलं, जराही न दाबता, आणि पट्टा तुटल्यावर सोडून दिलं.

मालकाच्या हातात पट्टा आला. त्यानं तो उलटा केला. बाहेरून पितळ अजून झळकत होतं. आतून प्रत्येक टोकाला रक्त, पू आणि गव्याचे केस चिकटले होते. ज्या शेजाऱ्याची कोकरं गेली होती तो पुढे आला होता, बोलायलाच आला होता. पण पट्ट्याची आतली बाजू बघून तो मागे सरला. बाजारात "वा!" म्हणणाऱ्यांत तोही होता.

"ह्यो मालकाला हात लावू देत न्हाई म्हणून मी सांगितलं ना," मालक म्हणाला, "ते खोटं हुतं. मला भ्या वाटत हुतं त्येचं. माप घेतलं न्हाई, हात फिरवला न्हाई. ह्यो भित्रा न्हाई. मी भित्रा."

कोणीही त्याची समजूत घातली नाही. घालणार कोण? भंडारा उधळला गेला तेव्हा कौतुक तर सगळ्यांनी मिळून केलं होतं.

जखम धुतली, हळद भरली, आणि हळूहळू ती भरून आली. मालक पट्टेवाल्याकडे गेला तो गव्याला बरोबर घेऊनच. त्यानं स्वतः दोरीनं मान मोजली, रुंद मऊ पट्टा निवडला, आणि बांधायच्या आधी त्याची आतली बाजू आपल्या गालावर फिरवून पाहिली. पुढे वस्तीसमोर त्यानं पट्ट्याखालून हात फिरवला. एकदा फिरवून त्याचं मन भरलं नाही, म्हणून पुन्हा फिरवला. गव्या शांत उभा होता.

सगळं ठीक झालं, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मानेवरच्या त्या वळावर केस पुन्हा उगवले नाहीत, आणि गव्याचा आवाज परत आला नाही. त्याची हाक गेली ती गेलीच. मेंढपाळांना आता आळीपाळीनं जागं राहावं लागे.

पुढच्या जत्रेत एका परगावच्या बाईनं गव्याला पाहिलं आणि कौतुकानं विचारलं, "एवढा दांडगा कुत्रा, आन् अजिबात भुंकत न्हाई व्हय वो?"

"शाना हाय," मालक चटकन म्हणाला. "उगाच तोंड वाजवत न्हाई."

बाई मान डोलावून पुढे निघाली. त्याच वेळी गव्यानं येऊन आपलं डोकं त्याच्या गुडघ्यावर टेकवलं. मालकाचे कान गरम झाले. सगळ्या वस्तीसमोर वाटली नव्हती एवढी लाज त्याला त्या एका कुत्र्यासमोर वाटली.

"अवं बाई, थांबा," त्यानं हाक मारली. "खोटं बोललो मी. त्येचा आवाज माझ्यामुळं गेलाय. बसा, सांगतो."

आणि त्यानं सगळं सांगितलं. त्यानंतर गव्या जिवंत असेतोवर जो कोणी विचारी त्याला तो हे सांगत राहिला, आणि दर वेळी सांगताना त्याची मान खाली जाई.

तात्पर्य: ज्याच्या बळावर आपण निर्धास्त असतो त्यालाही दुखतं, आणि ते जवळ जाऊन, हात लावूनच कळतं.