दोन काठांची गोजराक्का

फार वर्षांपूर्वी, डोंगर झोपेत कूस बदलायचे आणि सकाळी वाटा पुन्हा शोधाव्या लागायच्या, त्या काळात चांदणी नदीच्या वळणावर एक डोह होता. त्याच्या तळातून उजेड झरायचा, दुधात केशर सुटावं तसा. लोक त्याला ओज म्हणायचे. अलीकडच्या काठावर वावरी गाव, पलीकडे सांजोळ, आणि डोह दोघांचा. ओंजळभर ओज प्यालं की कुंभाराचं चाक आपसूक फिरायचं, वाळल्या वेलीला फुलं यायची. दिवसभर कितीही घेतलं, तरी पहाटेपर्यंत डोह पुन्हा भरलेला असायचा.

वावरीत गोजरा नावाची सुईण होती. ती ओज कधी प्यायची नाही. दोन्ही हात डोहात बुडवायची आणि तेच हात बाळंतिणीच्या पोटावर ठेवायची. कळा मऊ व्हायच्या. असं म्हणतात, की दिवा नसलेल्या खोलीतही तिच्या हातांच्या उजेडात बाळं जन्माला यायची.

मग एका उन्हाळ्यात सांजोळच्या कुणीतरी घागर भरून ओज घरी नेलं. ते पाहून वावरीकरांनी रांजण भरले. साठवलेलं ओज विझून साधं पाणी व्हायचं, म्हणून लोक पुन्हा भरायला धावायचे. आता पहाटेपर्यंतही डोह भरेना, तो मंद होत गेला. दोन्ही काठांवर पहारे बसले. पलीकडून कुणी पाण्यात उतरलं, की अलीकडून दगड यायचे.

अशातच गोजराची लेक हौसा बाळंतपणात अडली. गोजरा डोहावर आली, तर तळाशी ओंजळभरच उजेड उरलेला. तिनं तो उचलला, तोच हाक आली. सांजोळचा बिरू धनगर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. दगड लागून त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

"गोजराक्का, माझी बायको कालपासून अडलीय," तो म्हणाला. "तुझी लेकही अडलीय, ठाऊक आहे मला. तरी आलो. दुसऱ्या कुणाकडं जाऊ?"

गोजरानं ओंजळीतल्या उजेडाकडं पाहिलं. असं म्हणतात, की तेवढा वेळ नदी वाहायची थांबली होती. मग तिनं ओंजळ सोडली. उजेड डोहात परत गेला.

"तिला इथंच घेऊन ये. मी माझीला आणते."

"आक्का, एवढंसं ओज दोघींत वाटलं तर दोघीही जातील," वावरीचा पहारेकरी म्हणाला.

"मग मी दोघींजवळ असेन," ती म्हणाली. "चल, बाजेला हात लाव."

दोघींना डोहाच्या उथळ पाण्यात पाठीला पाठ लावून बसवलं. गोजरानं एक हात हिच्या पोटावर ठेवला, एक तिच्या. डोहातला उजेड लगेच संपला. तेव्हा गोजराच्या बोटांतून उजेड गळू लागला. जन्मभर तिच्या हातांत मुरलेलं ओज पाण्यात उतरत होतं, आणि डोह भरत होता. असं म्हणतात, की काठावरच्या झाडांची पानं खालून सोन्याची दिसू लागली. सूर्य कलताना दोन्ही बाळं रडली. कुठलं कुणाचं, हे क्षणभर कुणालाच कळेना.

लोकांनी काठ्या टाकल्या. कुणी न सांगता रांजण आणून डोहात रिते केले, आणि त्यातलं विझलेलं पाणीही पडता पडता उजळलं.

गोजराचे हात मात्र गार पडले. ती बायकांना सांगायची, "आता माझ्या हातांत काही नाही गं." बायका म्हणायच्या, "नसू दे. तू ये." आणि ती जायची, दोन्ही काठांवर, म्हातारी होईपर्यंत. शेवटी एका संध्याकाळी पलीकडच्या हाकेला ओ देत ती डोहावरून चालत निघाली आणि उजेडात दिसेनाशी झाली, असं म्हणतात.

आजही वावरीत मूल जन्मलं की त्याच्या पहिल्या आंघोळीचं पाणी सांजोळचं माणूस आणतं, आणि सांजोळच्या मुलाचं वावरीचं. बांधावरून भांडण चालू असलं तरी आणतं. बाळंतिणीच्या दारात जमलेली माणसं मुलगा की मुलगी हे मागाहून विचारतात. आधी विचारतात, "पलीकडून कोण आलं?"