दहा मिनिटांत दारात

एका गावात एक भोळा धाकटा भाऊ होता. नाव हणमंत गुरव. पण एवढं मोठं नाव घ्यायला गावाला सवड नव्हती, म्हणून हणमा.

थोरला यशवंतदादा शहाणा. बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. उजवीकडे लग्नाचं सामान: बाशिंगं, मुंडावळ्या, अक्षता. डावीकडे मर्तिकाचं: बांबू, मडकी, पांढरं कापड. रीत ठरलेली. लग्नाचं गिऱ्हाईक दुकानात येतं, चार बाशिंगं हाताळून बघतं. मर्तिकाचं गिऱ्हाईक फोन करतं, सामान आपण घरी पोचवायचं. फोन आला की दादा "आलोच" म्हणायचा आणि निघायचा. तिथं गेल्यावर काही बोलायचा नाही. निघताना "येतो" तर कधीच म्हणायचा नाही. हणमा मागून बांबू आणायचा. डोकं दादाचं, खांदा हणमाचा.

चैत्रात दादाच गेला. छातीत कळ आली, पाणी मागितलं, पाणी येईस्तोवर संपलं होतं. सामान घरच्याच दुकानातून गेलं. हणमाने बांबू तीनदा बदलले. त्याला सगळेच वाकडे वाटत होते.

मग दुकान हणमाकडे आलं. गावावर एक संकट आलंच होतं, हे दुसरं.

वहिनी म्हणाली, "भावजी, नाक्यावर नवं दुकान झालंय. लोक तिकडून मोबाईलवर मागवतात. आपण दिवाळीपर्यंत बघू. नाहीच चाललं तर भाऊबीजेला माझा भाऊ येईल, त्याला गाळा देऊन टाकू. तो कोंबड्यांचं दुकान घालतो म्हणतोय."

"दादाच्या गादीवर कोंबड्या?"

"मग काहीतरी नवीन शिका की!"

हणमा शिकायला गेला. मंगल कार्यालयात छोट्या दुकानदारांसाठी आधुनिक मार्केटिंगचं शिबिर होतं. प्रमाणपत्रं आधीच वाटली, म्हणजे नंतर कुणी काही शिकलं नाही तरी अडचण नको. चारुदत्त सर टाय बांधून आले होते. सरांचं स्वतःचं दुकान कधीच नव्हतं, त्यामुळे दुकानातलं त्यांना सगळं कळत होतं.

सर म्हणाले, "एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा आलं पाहिजे! तसं त्याला हसून सांगा. बक्षीस लावा!"

हणमाने हे पाठ केलं.

दुसऱ्याच दिवशी भोइट्यांचे म्हातारबाबा गेले. हणमा सामान घेऊन पोचला. सगळं उतरवलं, हात जोडले आणि दात दाखवून म्हणाला, "आभारी आहोत. असंच वरचेवर बोलावत जा. चारदा बोलावलंत की पाचवं मडकं फुकट. बरंय, येतो!"

म्हातारबाबांचा मुलगा रडता रडता उठला आणि त्याने हणमाच्या कानाखाली वाजवली. "गाढवा! असल्या वेळी तोंड पाडून म्हणावं, पुन्हा ही वेळ घरावर न येवो."

"चुकलं," हणमा म्हणाला. आणि हेही पाठ केलं.

चार दिवसांनी शकूमावशी दुकानात आली. मोठ्या मुलीचं लग्न होतं, धाकट्या दोघींची व्हायची होती. मावशीने बाशिंग निवडलं, मुंडावळ्या घेतल्या. हणमाने तोंड पाडलं, मावशीचा हात हातात घेतला.

"मावशी, धीर धरा. पुन्हा ही वेळ घरावर न येवो."

"जळलं तुझं तोंड!" मावशीने त्याला बाशिंगानेच बडवला. "अजून दोन उजवायच्यात माझ्या! अरे, शुभकार्य आहे. हसवावं माणसाला. फोटो काढावा, चार लोकांना दाखवावा!"

सरांनीही तेच सांगितलं होतं. समाधानी ग्राहकाचा हसरा फोटो रोज मोबाईलवर टाका. दोन शहाणी माणसं एकच सांगतात म्हटल्यावर हणमाला शंका उरली नाही.

पुढचा फोन सुतारआळीतून आला. तिथली आजी गेली होती. चौघांनी खांदा दिला आणि हणमा आडवा आला.

"जरा थांबा. डावीकडचे काका, मान वर. सगळे हसा बघू. आजी चांगल्या आल्यात, तुमचंच बिघडतंय."

फोटो गावभर गेला. खाली लिहिलं होतं, "आमच्या बांबूवर समाधानी ग्राहक." त्या दिवशी हणमाला किती जणांनी मारलं ते त्याला मोजता आलं नाही. त्याला वीसपर्यंतच येत होतं.

तो सरांकडे गेला. सर म्हणाले, "हणमंतराव, तुम्ही उशीर करता. गिऱ्हाइकाला गरज पडल्यावर सगळेच जातात. तुम्ही गरज पडायच्या आधी पोचा. यादी करा, निरोप पाठवा!"

हणमाने यादी केली. गावात अंथरुणाला खिळलेला एकच माणूस होता, दगडू अण्णा. हणमाने शेजाऱ्याकडून निरोप लिहून घेतला आणि पाठवला. "अण्णा, ऐनवेळची धावपळ टाळा. आजच नोंदणी करा. उंची कळवावी."

अण्णा दोन महिने कुशीवरसुद्धा वळले नव्हते. निरोप वाचून ते उठले. काठी घेऊन सगळी बाजारपेठ चालत आले.

"घे उंची!" म्हणत त्यांनी काठी हाणली. "मोज! नीट मोज!"

डॉक्टरांना जे जमलं नाही ते हणमाच्या जाहिरातीने केलं. फक्त दुकानाचं एक गिऱ्हाईक गेलं.

दमले तेव्हा अण्णा पायरीवर बसले. "तू यशवंताचाच भाऊ ना रे? त्याने कधी बक्षीस लावलं का? फोटो काढला? फोन केला की 'आलोच' म्हणायचा आणि दहा मिनिटांत दारात उभा. माणसाला तेवढाच आधार. तेवढं एक कर. बाकी अक्कल पाजळू नकोस."

"तेवढंच करतो, अण्णा."

दुकानाचा फोन म्हणजे दादाचाच फोन होता. त्यावर दादाचा फोटोही होता, पिवळा फेटा बांधलेला. हणमा तो घेऊन सरांकडे गेला. "सर, कुणीही काही पाठवलं की लगेच उत्तर गेलं पाहिजे."

"आपोआप जाईल! उत्तर कुणाच्या नावाने?"

"दादाच्या. गावाचा भरवसा त्याच्यावर."

"उत्तम! ज्या नावावर विश्वास, तेच नाव चालवायचं," सर म्हणाले. ते नाव गेलंय हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

दिवाळी आली. घरात सण नव्हता. पाडव्याला सकाळी वहिनी उंबऱ्यात बसली. ओवाळायला माणूस नव्हता, उद्या भाऊ किल्ली न्यायला येणार होता. हे सगळं ज्याला सांगायचं त्याचा एकच नंबर तिला पाठ होता. सणाचं दुकान बंद, फोनही तिथंच पडून असेल असं तिला वाटलं. तिने लिहिलं, "आज पाडवा. उद्या दुकान देऊन टाकतेय. रागावू नका."

लगेच उत्तर आलं. शेजारी पिवळ्या फेट्यातला फोटो.

"मी यशवंत गुरव. आलोच. दहा मिनिटांत दारात."

वहिनी उठली. तिने पदर सारखा केला. दारात उभी राहिली, रस्त्याकडे बघत.

बरोबर दहाव्या मिनिटाला हणमा धापा टाकत आला. खांद्यावर बांबू, काखेत पांढरं कापड, हातात मडकं. निरोप वाचत बसायला त्याला वेळ नव्हता. घरून बोलावणं आलंय एवढंच त्याने पाहिलं होतं.

"वहिनी! कोण गेलं?"

वहिनी खाली बसली. हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. "तुमचा दादा गेला हो, भावजी."

हणमाने बांबू भिंतीला टेकवले. तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. मग दादाचा फोटो बघितला. त्याचा चेहरा उजळला.

"गेला कसला? हे बघा, येतोय म्हणतोय!"

वहिनीने डोळे पुसले. बराच वेळ ती त्या बांबूंकडे बघत राहिली. सगळे सरळ होते. मग तिने हणमाच्या हातून मोबाईल घेतला आणि भावाला फोन लावला. "उद्या जेवायला ये. पण गाळा मोकळा नाही रे."

हणमा उंबऱ्यावर बसला होता, मडकं मांडीवर घेऊन. दहा मिनिटं होऊन गेली. वीस झाली. वीसच्या पुढे त्याला मोजता येत नव्हतं.

"थांबा, वहिनी," तो म्हणाला. "वाटेत कुणीतरी अडवलं असेल. दादा गिऱ्हाइकाला फसवत नाही."