माडावर चढून बसलेला तेली

खूप जुनी गोष्ट आहे. समुद्रकाठच्या एका गावात शनिवारी घाणा बंद ठेवणारे इस्राएली तेली राहत. त्यांतल्या एका तेल्याची बायको नवऱ्याच्या हट्टाला अगदी विटली होती.

झालं होतं एवढंच. धाकट्या दिरानं भांडणाच्या भरात भर बाजारात सांगितलं, "दादाच्या तेलात भेसळ असते." ते खोटं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं चार लोकांत तसं कबूलही केलं. गिऱ्हाइकं परत आली, पण तेल्याचा राग काही गेला नाही.

वर्षातला मोठा उपास जवळ आला. त्याआधी, ज्याला दुखावलं त्याची साक्षीदारांसमोर माफी मागायची, अशी त्यांची रीत. तीनदा नकार मिळाला, तर मागणारा सुटतो आणि दोष नाकारणाऱ्याच्या माथी येतो.

दीर दोनदा आला. दोनदा तेल्यानं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी दीर गलबतानं कायमचा परमुलखात निघाला होता. जाण्याआधी तो तिघा वडीलधाऱ्यांना घेऊन येताना दिसला. मग तेल्यानं काय करावं? तो चक्क माडावर चढून बसला!

"अहो, उतरा खाली!" बायको ओरडली. "सासरे व्हायचं वय तुमचं!"

"मी समोरच नाही, तर तिसरी खेप मोजणार कशी?"

"एकुलता एक भाऊ जातोय तुमचा!"

"जाऊ दे. झुरू दे जरा."

दीर अंगणात आला. "वहिनी, दादा कुठंय?"

तिनं कपाळावर हात मारला आणि वर बोट दाखवलं.

दिरानं मान वर करून हात जोडले. "दादा, चुकलो रे. माफ कर."

झावळ्या तेवढ्या हलल्या.

"उत्तर न देणं हाही नकारच," तिघांतले थोरले आजोबा वैतागून म्हणाले. "तू सुटलास, बाळा. नीघ, ओहोटी लागेल."

वहिनीच्या पाया पडून दीर गेला. थोड्या वेळानं माडावरून तेल्याला शीड दिसलं, लहान लहान होत जाणारं. तेव्हा कुठं तो किंचाळला, "माफ केलं रे! माफ केलं!"

"मला काय सांगता?" खालून बायको म्हणाली.

आता दोष त्याचा होता आणि माफी त्यानं मागायची होती. येणाऱ्या प्रत्येक गलबतावर तो भावाची चौकशी करी. खलाशी नकारार्थी माना हलवत. दर वर्षी मोठा उपास येई, सगळे एकमेकांना मिठ्या मारत, आणि तेली बंदरावर उभा असे.

माफी मागणारा दारात उभा आहे तोवरच त्याला माफ करावं. तो गेल्यावर राग आपल्यालाच वाहावा लागतो.