सरीबाईचा पदर

आधी कबूल करते, म्हणजे नंतर कुणी हसायचं नाही. दसऱ्याच्या धुण्यात मी घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या. आभाळाकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि तुमच्या आजीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "पाऊस गेला आता. मला कळतं त्यातलं." अकरा गोधड्या गच्चीवर घातल्या. चार वाजता पाऊस आला. तो गेलाच नव्हता, नुसता शेजारच्या गावाला जाऊन आला होता. तर आज सगळ्यांना मिळून ही एकच चादर आहे. सोन्या, ओढू नकोस. पियू, तू भिंतीकडे सरक. हां, ऐका आता.

एकदा काय झालं, काजळगाव नावाचं एक गाव होतं. तिथली जमीन इतकी काळी, इतकी काळी, की भरदुपारी तिच्यावर कावळा बसला तरी दिसायचा नाही. त्या गावात साळू राहायची. घरात ती, तिची सासू कोंडाबाई आणि हरण्या बैल. साळू कामाला वाघीण. पण तोंड कसं, तर विचार यायच्या आधी शब्द बाहेर. तुमच्या ह्या आत्यासारखंच, बरं का.

त्या काळी पाऊस म्हणजे बाई होती. सरीबाई तिचं नाव. जमीन तिचं माहेर आणि समुद्र तिचं सासर. ज्येष्ठात यायची, चार महिने राहायची, आश्विनात परत निघायची. येताना काय तिचा थाट! लोक अंगणात नाचायचे, पोरं चिखलात लोळायची. पण जाताना? जाताना बाजरी कापून खळ्यावर पडलेली असायची. वर्षाची भाकरी ती. भिजली की कणसालाच मोड. मग सरीबाई दिसली की लोक म्हणायचे, "अजून गेली नाही का ही?"

त्या वर्षी तर कहर झाला. सरीबाई वेशीशी आली आणि गावाने थाळ्या बडवल्या. "जा बाई, जा!" सगळ्यात मोठ्यांदा कोण ओरडलं असेल? साळूच.

सरीबाई वळली. डोक्यावर पदर घेतला आणि डोंगराआड निघून गेली.

मग आलं ऊन. आश्विनातलं ऊन म्हणजे काय विचारता! बाजरी वाळली खुळखुळ. साळू खूश. पण दोन दिवसांनी ती रानात गेली आणि खाली बसली. काळं रान तडकलं होतं. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. आता शाळू पेरायचा तो ह्याच रानात. शाळू नाही तर पुढच्या साली ज्वारी नाही, कडबा नाही, हरण्याला वैरण नाही. खळं कोरडं हवं आणि रान ओलं हवं. आणि खळं तर रानाच्याच बांधाला!

"आत्याबाई, काय करू हो?" साळू सासूला म्हणाली.

कोंडाबाई सुपारी कातरत होती. "माहेरवाशीण अशी कुणी हाकलतं का? ना ओटी, ना शिदोरी. जा, घेऊन ये परत."

मग साळूने सुपात बाजरी घेतली, खण-नारळ घेतला आणि निघाली. हरण्या मागोमाग. त्याला साळूशिवाय करमायचं नाही.

वाटेत ऊन भेटलं, विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेलं. "सरीबाईला पाहिलंत का?" ऊन म्हणालं, "मी येतो तेव्हा ती गेलेली असते बाई. आमची कधी भेटच नाही."

मग वारा भेटला. तो म्हणाला, "मीच तिला पुढं लोटली. तुमच्याच गावानं सांगितलं ना?" साळू खाली बघायला लागली.

मग बगळ्यांची रांग भेटली. बगळे म्हणाले, "आत्ताच आमच्या पंखाखालून गेली. खिंडीत बसलीय. रडत नाहीये, म्हणून जरा भीती वाटते."

साळू खिंडीत गेली. आणि पोरांनो, तिथे तिने जे पाहिलं ना!

सरीबाई बसली होती आणि तिचे केस तीन डोंगरांवर पसरले होते. मांडीवर वीज झोपली होती, मांजरासारखी अंग मुडपून. मध्येच ती कूस बदलायची, मग सगळी खिंड उजळायची. आणि पदर! निळाकरडा, बारा कोसांचा, त्याचा धागान् धागा पाण्याचा. जिथे टेकला होता तिथल्या दगडांनासुद्धा मातीचा वास सुटला होता. साळूला बोलणंच सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा, बरं का.

तिने हात जोडले. "चुकलं माझं. मीच जास्त ओरडले." आणि ओटी भरायला बाजरी पुढे केली. सरीबाईने ओंजळ धरली. ओल्या ओंजळीत बाजरी पडली आणि बघता बघता दाण्यांना हिरवे कोंब फुटले. सरीबाई कितीतरी वेळ ते कोंब बघत राहिली.

"परत जाताना मला आजवर कुणी काही दिलं नव्हतं," ती म्हणाली. "काय हवं तुला?"

"रान भिजव. पण खळी नको."

"अगं वेडे, मला कुठलं खळं आणि कुठलं रान? पदर पडेल तिथं मी पडते."

"मग मी पदर उचलून धरते."

"जमेल?"

"नाही जमायचं बहुतेक," साळू म्हणाली. "पण धरते."

सरीबाई उठली. "बघ हं. मला चालताना थांबता येत नाही. पदर सुटला, तर साऱ्या गावाची बाजरी जाईल."

साळूने पदर उचलला. गार, आणि जड किती, तर भरलेली विहीर उचलल्यासारखा! सरीबाई पुढे, साळू मागे, हरण्या तिच्या मागे. काळं रान आलं की साळू पदर सोडायची. पाणी भेगांत शिरायचं आणि जमीन घटाघटा प्यायची, ऐकू यायचं! खळं आलं की साळू पदर वर धरायची.

पहिलं खळं अंबऋषीचं. पहिली थाळी त्यानेच बडवली होती. तो ओरडला, "साळू, हे काय धरलंयस?" साळू म्हणाली, "बोलायला लावू नका, हात भरून आलेत." एक थेंब पडला नाही.

दुसरं खळं हिराबाईचं. तिथे साळूचे खांदे थरथरायला लागले. तरी एक थेंब पडला नाही.

तिसरं खळं तिचं स्वतःचं. आणि तिथे हात गेले. बधिर! बोटं उघडायला लागली. पदर घसरला, खाली आला, बाजरीपासून हातभर राहिला. साळूने डोळे मिटले.

आणि हरण्याने मान पुढे घातली. पदर अडकला त्याच्या डाव्या शिंगावर. तसाच तो मान ताठ करून खळ्याच्या कडेने चालत गेला. डावं शिंग निथळत होतं, उजवं कोरडं ठणठणीत. बांधाच्या अलीकडे पाऊस, पलीकडे ऊन. सारं गाव हात जोडून उभं. कोंडाबाई म्हणाली, "बैलाला अक्कल आहे. बरं झालं, घरात कुणाला तरी आहे."

तेव्हापासून आश्विनातला पाऊस तसाच पडतो. बैलाचं एक शिंग भिजतं, एक कोरडं राहतं.

वेशीवर साळूने सरीबाईच्या हातावर दही घातलं. पण तिचा जीव घाबरा झाला. "तू चाललीस. आता ज्येष्ठापर्यंत पाणी नाही. माझ्या शाळूकडे कोण बघेल?"

सरीबाईने पदराचं टोक हलकेच झटकलं. "माझी धाकटी ठेवते मागं. ती वाजत नाही, गाजत नाही. तिची वाट पाहू नका, ती आलेली असेल."

मग तीन दिवसांनी वापसा आला. म्हणजे माती अशी झाली की मूठ वळावी आणि बोटाने फुटावी. साळूने पेरणीची पाभर धरली आणि शाळू पेरला. आठवड्यात कोंब वर आले. आणि एका पहाटे ती रानात गेली तर काय! पानापानावर थेंब. आभाळात ढगाची चिंधी नाही, आणि रानभर लाखो थेंब, एकेका थेंबात एकेक सूर्य उगवलेला. साळू बांधावरच थबकली. पाय पुढे टाकायला मन होईना. ती धाकटी म्हणजे दव. संक्रांतीपर्यंत रोज पहाटे येऊन तिने शाळूला पाणी पाजलं. कणसं आली ती अशी, मुठीत मावेनात.

मग गावाने थाळ्या बडवणं सोडलं. कोंडाबाईने भाकऱ्या केल्या, हरण्याला पहिली पेंढी मिळाली, साळू पोटभर जेवली. त्यांचं रान पिकलं, तसं सगळ्यांचं पिको. तुमचे डोळे मिटोत, माझी टकळी थांबो.

झोपलात का रे? बघा, एवढ्या साऱ्या गावाची बाजरी वाचवायला दुसरा काही उपाय होता का, सांगा बरं?

भिंतीकडून पियू म्हणाली, "ताडपत्री."