बुडू न दिलेलं घटिकापात्र

लहानग्यांनो आणि थोरांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची. इतक्या जुन्या काळची, की तेव्हा भिंतीवर घड्याळ नव्हतं आणि मनगटावर तर नव्हतंच. तेव्हा माणसं वेळ पाण्यात मोजत.

एका राज्यात, डोंगराच्या कुशीत, दोन गावं होती. एक वरचं, एक खालचं. दोन्ही गावांना पाणी देणारा पाट एकच होता. पाट जिथे दुभंगायचा तिथे एक लाकडी फळी होती. फळी इकडे फिरवली की पाणी खालच्या गावाला, तिकडे फिरवली की वरच्या गावाला.

पूर्वजांनी वाटणी ठरवून ठेवली होती. सूर्य उगवल्यापासून पंधरा घटका पाणी खालच्या गावाचं. मग फळी फिरवायची, आणि मावळतीपर्यंत पाणी वरच्या गावाचं.

पंधरा घटका झाल्या हे कळायचं कसं? त्यासाठी फळीजवळ एक दगडी कुंड होतं आणि त्यावर तुळसा नावाची तरुण मुलगी नेमलेली होती. कुंडातल्या पाण्यावर ती एक वाटीएवढं तांब्याचं पात्र तरंगत ठेवायची. पात्राच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू आत यायचं, पात्र भरायचं, बुडायचं आणि तळाच्या दगडावर आपटायचं. टण्ण! झाली एक घटका. तुळसा काशाच्या थाळीवर एक टोला द्यायची, पात्र उचलून रिकामं करायची आणि पुन्हा पाण्यावर सोडायची.

तिचा टोला दोन्ही गावांत ऐकू जायचा. टोला पडला म्हणजे पडला. त्यावर कुणी कधी वाद घातला नव्हता.

एकदा राजा त्या वाटेनं गेला. दोन गावं एका पाटावर न भांडता राहतात हे पाहून तो इतका खूश झाला, की त्यानं आपल्या सोनाराकडून चांदीचं घटिकापात्र घडवून पाठवलं. काठावर नाजूक वेल कोरलेली. पानं तर तांदळाच्या दाण्याएवढी! मोजमाप मात्र जुन्या पात्राशी तंतोतंत जुळवलेलं.

तुळसानं ते दोन्ही हातांत जपून धरलं. एवढी सुंदर वस्तू आजवर तिच्या हातात कुणी दिली नव्हती. सुंदर वस्तू हातात आली की आनंद आधी होतो की भीती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. तुळसाला भीती आधी वाटली.

तिसऱ्या दिवशी ती भीती खरी झाली. पात्र बुडालं, तळाशी आपटलं, तिनं उचललं तर वेलीच्या एका पानाशेजारी केसाएवढा ओरखडा!

ती घाबरून मागे सरकली, जणू पात्रातून विंचूच निघाला. पदरानं पुसलं. जाईना. चिंच लावली, राख लावली, घासलं. ओरखडा तिथेच. उलट आता तो तिला लांबूनही दिसायला लागला. जेवताना दिसायचा, डोळे मिटले तरी दिसायचा.

‘हा एक झाला,’ तिच्या मनानं हिशोब मांडला, ‘दिवसाला पंधरा वेळा आपटणार. महिन्यात काय उरेल? राजा काय म्हणेल? लोक म्हणतील, हिला चांगली वस्तू सांभाळता येत नाही.’

दुसऱ्या दिवशी तिनं कुंडाच्या तळाशी मऊ फडकं अंथरलं. पण फडक्याचा एक धागा सुटून पात्राच्या भोकात अडकला. पात्र आपलं डुलत राहिलं, बुडेचना. वरच्या गावातून माणसं धावत आली. “अगं तुळसे, आज पंधरावी घटका होणार आहे की उद्याच?” तुळसानं लाजून फडकं काढून टाकलं.

मग तिला एक युक्ती सुचली. पात्र बुडायच्या अगदी क्षणभर आधी तिनं हात घालून ते अलगद उचललं आणि टोला दिला. क्षणभराचा तर फरक! कुणाचं काय बिघडलं?

पण भीतीला एका क्षणानं पोट भरत नाही. चांदी निसरडी. हातातून सटकलं तर? म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं दोन क्षण आधी उचललं. मग काठाला पाणी टेकायच्या आधी. मग काठ दोन बोटं वर असतानाच. पात्र झगझगीत राहिलं. टण्ण हा आवाज मात्र त्या कुंडातून नाहीसा झाला.

सूर्याकडे पाहून कुणाला कळलं नसतं का? कळलं असतं की. पण ते थंडीचे दिवस होते, सकाळी धुकं उतरायचं, आणि मुख्य म्हणजे वर पाहण्याची सवयच कुणाला उरली नव्हती. तुळसा आहे ना!

असे काही आठवडे गेले. मग एके दुपारी खालच्या गावची ठकूमावशी काठी टेकत कुंडापाशी आली. पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला तिचं एकटीचं शेत होतं. गव्हाच्या पाच-सहा सऱ्या. वर्षभराची भाकर तेवढ्यावर.

“तुळसे,” ती धापा टाकत म्हणाली, “पाणी माझ्या बांधापर्यंत येतं आणि तिथेच मरतं बघ. ओंब्या भरायला आल्यात. एक पाणी मिळालं तर दाणा धरेल, नाहीतर फोलपटं हातात येतील. तू कुंडावर असतेस, तुला काही दिसतं का गं? वरचे लोक फळी आधी फिरवतात का?”

“नाही मावशी,” तुळसा म्हणाली. तिचा आवाज उगाचच बारीक झाला होता.

“आमच्या गावात पोरं पेटलीत. म्हणतात, उद्या काठ्या घेऊनच जाऊ.” मावशीनं सुस्कारा सोडला आणि ती आल्या पावली परत गेली.

तुळसा कुंडाच्या कडेला मटकन बसली. तेवढ्यात शेवाळातून आवाज आला, “डराव! एक विचारू?”

ती अशी दचकली की पात्रच हातातून पडता पडता राहिलं. कुंडाच्या फटीत एक म्हातारा बेडूक बसला होता.

“माझा जन्म ह्याच फटीतला,” बेडूक म्हणाला. “पूर्वी एका घटकेत मी सतरा डास खायचो. सावकाश, चावून. हल्ली तेराच होतात. म्हटलं, म्हातारा झालो. पण परवा सावलीवर लक्ष ठेवलं, तर माझं तोंड चालतंय पूर्वीसारखंच. तुझी घटका आखूड झालीय, बाई.”

“एवढी?” तुळसानं विचारलं.

“पंधरा घटकांतल्या तीन-साडेतीन गेल्या म्हण. मला काय, मी उरलेले चार पुढच्या घटकेत खातो. पण पाटाच्या टोकाला जो बसला असेल, त्याला पुढची घटका नाही.”

एवढं बोलून त्यानं पाण्यात उडी मारली. तुळसानं हातातल्या पात्राकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळलं, की आपण इतके दिवस चांदी पुसत बसलो आणि एका म्हातारीचं ताट रिकामं करत होतो.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येतो न येतो तोच खालच्या गावची माणसं काठ्या घेऊन फळीपाशी उभी राहिली. पुढे संतू नावाचा उंच गडी. वरच्या गावची माणसंही जमली, त्यांच्या पुढे रायाजी पाटील.

“पाणी चोरता?” संतू ओरडला. “टोल्याआधी फळी फिरवता आणि वर मिशांना पीळ देता?”

“तोंड सांभाळ!” रायाजी गरजला. “माझ्या मिशा माझ्या कष्टाच्या आहेत. इथे साक्षीदार बसलाय, त्याला विचार. तुळसे, सांग ह्यांना. फळी आम्ही कधी फिरवतो?”

“पंधराव्या टोल्यावर,” तुळसा म्हणाली.

“त्याआधी कधी हात लावला?”

“कधीच नाही.”

“ऐकलंत?” रायाजी गर्रकन वळला. “आता जा घरी!”

लहानग्यांनो, इथे गप्प बसणं फार सोपं होतं. तुळसा बोलली त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आजपासून पात्र नीट बुडू दिलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण संतूची काठी खाली झाली नव्हती आणि रायाजीची माणसं बाह्या सारत होती.

“थांबा!” तुळसा उभी राहिली. “फळी टोल्यावरच फिरते. पण टोलाच आधी पडत होता. माझ्यामुळे. पात्राला ओरखडा पडू नये म्हणून मी ते बुडायच्या आधीच उचलत होते.”

मग ठकूमावशी गर्दीतून वाट काढत पुढे आली.

“म्हणजे माझा गहू एका ओरखड्यापायी सुकला?”

“हो, मावशी.”

“दाखव तरी मग तो ओरखडा. एवढा महागाचा, बघू दे.”

तुळसानं पात्र पुढे केलं. मावशीनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उन्हात फिरवलं. “कुठंय गं?”

“हा काय.”

“हे तर पान.”

“पानाशेजारी.”

“तो देठ आहे, वेडे!” संतू मान वाकवून म्हणाला.

“देठ इकडं आहे,” रायाजीनं पात्र ओढून घेतलं. “ओरखडा हा असणार. नाही, हा माझ्या नखाचा मळ आहे.”

पात्र या हातातून त्या हातात फिरलं. दोन्ही गावांनी डोक्याला डोकं लावून शोधलं. चाळीस माणसं आणि ऐंशी डोळे, पण तो ओरखडा कुणालाच सापडेना. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. हसताना काठ्या कधी जमिनीवर टेकल्या ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“हसून झालं असेल तर पाणी सोडा,” ठकूमावशी म्हणाली. ती एकटीच हसत नव्हती. “गव्हाला तुमचं हसू पुरत नाही.”

संतूनं फळी खालच्या गावाकडे फिरवली आणि तुळसानं पात्र पाण्यावर ठेवलं. ते भरत आलं तसा तिचा हात सवयीनं पुढे सरकला. तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. पात्र कलंडलं, गेलं, आणि... टण्ण! ती दचकली. इतक्या दिवसांत ऐकलाच नव्हता तो आवाज. मग तिनं थाळीवर टोला दिला.

पाणी खालच्या गावाकडे धावत होतं. बांधावर उभी असलेली माणसं एकमेकांना हाका देत होती. “वळणाशी आलं!” “चिंचेपाशी आलं!” पण इतक्या दिवसांची तहानलेली जमीन, तिनं पाणी पिऊन टाकायला सुरुवात केली. दहा टोले झाले. बारा झाले. चौदावा पडला तेव्हा पाणी ठकूमावशीच्या शेतापासून दोन शेतं अलीकडे रेंगाळत होतं.

संतू धावत कुंडाशी आला. “तुळसे, इतके दिवस आखूड केलीस, आता एक लांब कर की! पात्राखाली बोट धर. कोण बघतंय?”

तुळसाचे डोळे भरून आले. तिला मावशीचा गहू वाचवायचा होता, अगदी मनापासून. पण तिनं मान हलवली. “नाही, दादा. आता कमीही नाही आणि जास्तही नाही. ही घटका माझी नाही, दोन्ही गावांची आहे.”

रायाजी पाटील फळीला टेकून हे ऐकत होता. तो एकदम सरळ झाला.

“ऐकलंत रे?” तो आपल्या माणसांना म्हणाला. “पोरीनं आपला वाटा राखला, रडत रडत राखला. आणि आपण इथे मिशा कुरवाळत बसणार? पाटात गाळ साचलाय, म्हणून पाणी रेंगाळतंय. फावडी घ्या!”

वरच्या गावची माणसं पाटात उतरली. खालच्या गावची त्यांच्याआधीच उतरली. ज्या हातांत सकाळी काठ्या होत्या, ते हात शेजारी शेजारी गाळ उपसू लागले. पाटील गुडघाभर चिखलात, संतू त्याच्या पुढे. “हाण, हाण! इकडं दगड आहे!” “तुमच्या मिशा सांभाळा, पाटील!” गाळ निघत गेला तसं पाण्यानं अंग मोकळं केलं आणि जे सुटलं म्हणता, ते एक शेत ओलांडून, दुसरं ओलांडून, ठकूमावशीच्या पहिल्या सरीत घुसलं!

अशी आरोळी उठली की डोंगरावरचे पक्षी उडाले. “पोचलं! पाणी पोचलं!” मावशी चप्पल काढून पाण्यात उभी राहिली आणि नुसती हसत राहिली.

पहिल्या सऱ्या भरल्या, शेवटच्या दोन राहिल्या होत्या, तोच कुंडातून आवाज आला. टण्ण! तुळसानं पंधरावा टोला दिला, जितका जोरात देता येईल तितका जोरात.

आता फळी फिरवायचा मान पाटलाचा. रायाजी चिखलाचे हात घेऊन पाटाकाठी बसला. “आधी हात धुतो,” म्हणाला. मग कोपर धुतले. मग मिशा धुतल्या, एकेक करून. तेवढ्यात शेवटच्या दोन सऱ्याही भरल्या.

त्या वर्षी ठकूमावशीच्या ओंब्या बोटभर लांब आल्या, दाणा टपोरा. दोन्ही गावांनी मिळून दर वर्षी पाटातला गाळ काढायचा पायंडा पाडला. आणि चांदीचं पात्र रोज पंधरा वेळा दगडावर आपटत राहिलं. पावसाळा येईतो त्यावर इतके ओरखडे उमटले की वेल कुठली आणि रेघ कुठली हे सांगता येईना. नवखे लोक विचारत, “हे कशाचं गं, जस्ताचं का?” तुळसा म्हणायची, “काय माहीत बाई, पण बुडतं मात्र वेळेवर.” आणि टण्ण आवाज झाला तरी ती आता दचकत नसे.

तात्पर्य : ओरखड्यानं वस्तूचं काम थांबत नाही, ओरखडा पडेल या भीतीनं मात्र थांबतं.