येसबाची सुतळी

कोल्हापुरात फायनलचा गोल नाकारणं म्हणजे जेवत्या माणसाच्या ताटात माती कालवणं. यंदा त्यासाठी स्पर्धेचे अध्यक्ष इंगवले साहेब खास व्हिडिओचं मशीन घेऊन आले होते.

शेवटच्या मिनिटाला वरच्या पेठेच्या तालमीच्या संघाने गोल मारला. माणसं नाचली. मग सात मिनिटं खेळ थांबला, पंच पडद्यात डोकं घालून बसले आणि निकाल आला: ऑफसाइड, दोन बोटांनी. गॅलरीतून चपला आल्या.

इंगवल्यांनी माइक घेतला. "माणूस चुकतो, मशीन चुकत नाही. बॉक्सच्या पांढऱ्या रेघेला समांतर रेघ धरून मोजलंय."

हे ऐकून येसबा सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं या मैदानावर चुन्याची फक्की मारून रेघा ओढणारा माणूस तो. त्या सकाळी सुतळी तुटली, म्हणून बॉक्सची रेघ त्याने अंदाजाने ओढली होती. तो नवी सुतळी घेऊन मैदानात शिरला आणि सगळ्यांदेखत गोलच्या रेघेपासून बॉक्सच्या रेघेच्या दोन्ही टोकांपर्यंत ताणून धरली. रेघ एका टोकाला वीतभर सरकलेली निघाली.

"म्हणजे तूच वाकडी ओढलीस," इंगवले कडाडले. "उद्यापासून कामावर यायचं नाही."

"न्हाई येत," येसबा म्हणाला. "पण साहेब, माझी वीतभर चूक साध्या सुतळीनं पकडली. तुमचं मशीन सात मिनिटं त्याच रेघेकडं बघत बसलं हुतं. त्याला का दिसली न्हाई?"

पंचांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा सुतळीकडे, आणि गोल दिला.