भागाबाई साळिंदरीण आणि दोन किटल्या

जनावरं सोयरीक जुळवायला एकमेकांच्या बिळात चहाला जात, तेव्हाची ही गोष्ट. भागाबाई साळिंदरीण आपल्या नथूसाठी मुलगी बघायला गेली. मुलीला, गोदीला, पाहताच ती नथूच्या कानात कुजबुजली, "काळी आहे रे! चहा पिऊ नि निघू."

गोदीने दोन किटल्या आणल्या. एकीत फिकट पिवळा चहा, दुसरीत काळाकुट्ट.

"काळा कडक असणार, मला सोसत नाही. फिकाच दे," म्हणत भागाबाईने तीन कप रिचवले. नथूने काळा घेतला.

थोड्याच वेळात भागाबाईचं काळीज धडधडू लागलं, अंगावरचे काटे ताठ उभे राहिले, आणि निघताना ती बिळाच्या तोंडातच अडकली!

गोदीने चार काटे टोचून घेत तिला आत ओढलं. "मावशी, फिक्यात चहाच्या कोवळ्या कळ्या होत्या. झोप उडवणारं सत्त्व त्यांच्यातच सगळ्यात जास्त असतं. काळ्यात नुसता गवती चहा, रंग गुळाचा."

काटे बसेपर्यंत गप्पा रंगल्या. वाट मोकळी झाली तरी भागाबाई उठेना. "आता काळ्यातला घोटभर दे," ती म्हणाली, "आणि आईला बोलाव. तारीख ठरवू."

"देते की," गोदी हसली. "पण मुलगा मला पसंत आहे का, ते कुणी विचारलंच नाही."

काळाच चहा प्यायलेल्या नथूचे काटे आता ताठ उभे राहिले.